दुहेरी घडीतले दोन फ्रॉक

टेलरमास्तरांच्या दोन मुलींचे वाढदिवस नऊ दिवसांच्या अंतराने यायचे. मोठी बारा वर्षांची होणार होती आणि धाकटी आठ. घरात आणि गल्लीत त्यांना मोठी आणि धाकटी असंच म्हणत. शाळेतली नावं हजेरीपुरती होती. यंदा मधल्या रविवारी दोघींचा वाढदिवस एकत्रच करायचा, असं त्यांच्या आईने ठरवलं. ती सूतगिरणीत पाळीवर जायची, आणि तिच्या वाट्याला मोकळा रविवार महिन्यातून एकदाच यायचा.

आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता.

"मला संगीत खुर्ची हवी," धाकटी म्हणाली.

"माझ्या मैत्रिणी सातवीतल्या आहेत," मोठी म्हणाली. "त्या तुझ्या पिल्लांबरोबर खुर्च्यांभोवती पळणार होय?"

"मग त्यांनी बसून राहावं. खुर्च्या असतीलच की."

आई हसली. मास्तरही हसले, पण त्यांचं हसू ओठांवरच राहिलं. दोघी बहिणी जेवायला शेजारी शेजारी बसल्या होत्या, आणि दोघींची डोकी भिंतीवरच्या एकाच भेगेला लागत होती. ते मास्तरांनी पाहिलं आणि मान खाली घालून ते जेवू लागले.

बेकरीवाल्या काकू फाटलेला एप्रन शिवून घ्यायला दुकानात आल्या, तेव्हा केकचंही ठरलं. एकच केक, अर्धा चॉकलेटचा, अर्धा साधा.

"किती जण येणार ते नीट सांगा हं मास्तर. केकलाही माप लागतं," काकू म्हणाल्या. "मागच्या वेळी एकाने दहा सांगितले आणि वीस आले. शेवटच्याला नुसती चाटलेली सुरी मिळाली."

फ्रॉकचं कापड आईने आणलं. निळं, त्यावर पांढरे बारीक ठिपके. एकाच ठाणातलं, दोघींना पुरेल एवढं. "एकसारखे शिवा," तिने सांगितलं. "फोटोत छान दिसतील."

मास्तरांचा हात सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होता. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याची छाती आणि खांदा ते नजरेने मोजून मोकळे व्हायचे. टेप लावायचा तो गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. पण सवयीचा हात मालकाला विचारत नाही. शाळेचे गणवेश शिवायचे दिवस होते. एका मापाचे दोन कपडे असले की कापड दुहेरी घालायचं आणि एकदाच कात्री चालवायची, हे महिनाभर अखंड चाललेलं. त्या दुपारी मास्तरांनी निळं कापड मेजावर पसरलं, घडी घातली, खडूने रेघा मारल्या आणि कात्री चालवली. कात्री पाण्यातून जावी तशी गेली. ती खांद्याच्या वळणावर आली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की हाताने काय केलंय.

मोठी समोरच स्टुलावर बसली होती. शाळा सुटली की ती दुकानात येऊन बटणं लावून द्यायची. तिची सुई अर्ध्यावर थांबली होती.

"बाबा, वरचा कुणाचा?"

"धाकटीचा."

"आणि खालचा?"

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. "अगं, तुझ्याला खाली पट्टी जोडू. झालर लावू. हल्ली तशीच फॅशन आहे."

"वहीत माझी उंची त्रेपन्न इंच लिहिलीय," मोठी म्हणाली. "धाकटीची अठ्ठेचाळीस. मग दोन्ही एका घडीत कसे कापले?"

मास्तर टेलर होते, वकील नव्हते. मोठीने सुई सुयांच्या गादीला टोचली, उरलेली बटणं डबीत टाकली आणि ती घरी निघून गेली.

त्या वहीची गोष्ट अशी. चार वर्षांपूर्वी शाळेत डॉक्टर तपासायला आले होते. त्यांनी चिठ्ठी दिली की या मुलीची उंची बघत राहा. वर्षात दोन इंच वाढली नाही तर मोठ्या दवाखान्यात आणा. आई म्हणाली, "घरातच मोजणारा माणूस आहे, मला काय काळजी?" मास्तरांनी उंचीची वही सुरू केली. त्या दिवशी सत्तेचाळीस इंच भरली. पुढच्या वाढदिवसाला मोजलं तर जेमतेम पाव इंच. तेव्हा आईची नोकरी जायच्या बेतात होती, घरात चूल पेटली तरी बोलणं विझलेलं असायचं. मास्तरांनी मनाशी म्हटलं, मुलगी आहे, एकदम ताडकन वाढेल. आणि वहीत लिहिलं, एकोणपन्नास. त्यानंतरच्या वर्षी खरं लिहायचं तर आदल्या वर्षीचं खोडावं लागलं असतं. मग एक्कावन्न. मग त्रेपन्न. खोट्याला एकदा पाय फुटले की ते आपलं आपण चालतं. पोरगी मात्र तिथेच उभी होती. आई वही बघायची आणि म्हणायची, "मोठी सावकाश वाढतेय, पण वाढतेय. धाकटी बघा कशी भोपळ्याच्या वेलासारखी पळतेय." रोजच्या डोळ्यांना रोजचं दिसत नाही.

मोठीने घरी जाऊन सांगितलं, "रविवारी मी मावशीकडे जाते. धाकटीचाच करा."

आईचा पारा चढला. "एवढी घोडी झालीस आणि लहान बहिणीचा हेवा करतेस? तिने तुझं काय खाल्लं? बाप मान मोडून फ्रॉक शिवतोय, आणि हिचे नखरे!"

मोठीने बापाचं नावही घेतलं नाही. दारात उभ्या मास्तरांनी ते ऐकलं, आणि त्यांना वाटलं, तिने आपलं नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. इथे तर झाकलेल्या कोंबड्यासाठी पोरगी बोलणी खात होती.

"तिला बोलू नकोस," ते म्हणाले. "वहीतले आकडे खोटे आहेत. मी लिहिले."

दोघी मुलींना हाताला धरून आईने कपाटासमोर पाठीला पाठ लावून उभं केलं, आणि दोघींच्या डोक्यावर हात आडवा ठेवला. हात सपाट राहिला.

"किती वर्षं?"

"तीन."

"गिऱ्हाइकाची पँट अर्धा इंच आखूड झाली तर तुम्हाला घास गिळत नाही," ती म्हणाली. "आणि इथे पाच इंच गिळलेत?"

धाकटीला वाटलं खेळ आहे. ती टाचा उंचावून म्हणाली, "मी जिंकले!" कुणी तिला रागावलं नाही.

शुक्रवारी आईने पाळी बुडवली आणि तिघं मोठ्या दवाखान्यात गेली. नर्सने मोठीला पट्टीखाली उभं केलं आणि मोठ्याने आकडा सांगितला, "एकशे बावीस." मास्तरांनी सेंटिमीटरचे इंच मनातल्या मनात केले. अठ्ठेचाळीस. तेच माप त्यांनी परवा कापडावर आखलं होतं. डॉक्टरीणबाईंनी मोठीच्या डाव्या पंजाचा एक्स-रे काढायला सांगितला. वाढायला अजून किती जागा उरलीय, ते हाडांवरून कळतं म्हणे. रक्तही घेतलं.

"दोन-तीन वर्षं आधी यायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "उपचार करू. पण किती फरक पडेल, तो शब्द मी देणार नाही. मधे कधी मोजली नव्हती का घरी?"

आईने मास्तरांकडे पाहिलं नाही. ती खिडकीकडे बघत राहिली. मास्तर म्हणाले, "लक्षात नाही आलं," आणि म्हणताक्षणी त्यांना कळलं की आपण तेच पुन्हा केलं.

आई कागद घ्यायला आत गेली तेव्हा बापलेक बाकावर बसले होते. मोठीचे पाय जमिनीला टेकत नव्हते. बराच वेळ ती पंजा उघडत होती, मिटत होती.

"बाबा, मला वाटायचं मी नीट उभी राहत नाही."

"म्हणजे?"

"वहीत मी वाढत होते. पण वर्गात रांगेत पुढेच यायचे, आणि फळीवरचा डबा काही हाताला लागायचा नाही. मग मला वाटलं, तुम्ही मोजता तेव्हा मी सरळ असते, एरवी वाकते. रोज सकाळी मोरीत भिंतीला टाचा लावून उभी राहायचे. शंभर आकडे."

मास्तरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला. तो खांदा त्यांना इंचाइंचाने पाठ होता. हात तसाच मांडीवर परत आला.

"रविवारी मी येते," मोठी म्हणाली. "पण तो फ्रॉक घालणार नाही. आणि यापुढे माझं माप आई घेईल."

"बरं," मास्तर म्हणाले.

रविवारी घरात सोळा पोरं आली. खुर्च्या गोल मांडल्या गेल्या, गाणं लागलं, मोठीच्या मैत्रिणी आधी नाकं मुरडत आणि मग सगळ्यांत जास्त आरडाओरडा करत पळाल्या. मोठीने शाळेचा जुना पांढरा शर्ट आणि परकर घातला होता. मास्तर कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होते. शुक्रवारपासून आई त्यांच्याशी कामापुरतं बोलत होती: सरबत ढवळा, दोरी बांधा, बाजूला व्हा.

केक कापायला दोघी शेजारी उभ्या राहिल्या तेव्हा बेकरीवाल्या काकू टाळ्या वाजवत म्हणाल्या, "अगं बाई, जुळ्याच वाटतात की! यातली मोठी कुठली, ते मलाही सांगावं लागेल आता."

"मी, काकू," मोठी म्हणाली. "मी चार वर्षांनी मोठी आहे. माझी उंची थांबलीय. दवाखाना चालू आहे."

गाणं कुणीतरी आधीच बंद केलं होतं. काकूंचा हात गालावर गेला. चूक सावरायला म्हणून त्या मास्तरांकडे वळल्या. "पण मास्तर, तुम्ही तर जन्मभर मापं घेताय. तुम्हाला कळलं नाही?"

आई सरबताचं भांडं धरून तशीच थांबली. मोठीने मात्र सुरी खाली ठेवली नाही. ती केककडेच बघत होती.

"कळलं होतं," मास्तर म्हणाले. "तीन वर्षांपूर्वीच कळलं होतं. मी कुणाला सांगितलं नाही."

धाकटीने विचारलं, "आता कापायचा का?" तेव्हा कुठे लोक हलले. मोठीने केक कापला. आधी काकूंना दिला, मग आईला, मग मैत्रिणींना आणि धाकटीच्या पिल्लांना. सगळ्यांच्या हातात बश्या देत देत ती कोपऱ्यापर्यंत आली. मास्तरांनी दोन्ही हात पुढे केले. मोठीने बशी शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली आणि ती उरलेल्या बश्या घेऊन पुढे गेली.