गल्लीतल्या रेडिओंचं विमान

माझ्या घरमालकांनी आयुष्यात एकही वस्तू, ती ज्या कामासाठी जन्माला आली त्या कामाला वापरली नाही; आणि त्या वस्तूंमध्ये मी भाडेकरूही आलो. अमरावतीला शाळेत मास्तर म्हणून लागलो तेव्हा राजापेठेकडच्या एका गल्लीत त्यांची पुढची खोली मी घेतली, ती राहण्यासाठी, अशी माझी भाबडी समजूत होती. पहिल्याच आठवड्यात शाळेतून परत येतो तो माझ्या खाटेवर सहा फूट लांबीचा एक लाकडी सांगाडा ऐसपैस पसरलेला. आमचे मालक डोळ्यांना दोऱ्यानं बांधलेला चष्मा लावून त्याच्या फासळ्यांना सरस लावत होते. मी दारातच उभा राहिलो. त्यांनी वर न पाहता सांगितलं, "मास्तर, तुमी दिवसभर शाळेत असता. खाट रिकामी पडून राहते. अशानं खाट बिघडते." खाटेवर हे उपकार पुढं दोन वर्षं चालू राहिले आणि मी बराच काळ जमिनीवर झोपलो. खाट मात्र बिघडली नाही, हे मान्य केलं पाहिजे.

घरात पुरणयंत्र होतं, पण त्याच्या दांड्यावर तांब्याची तार गुंडाळलेली होती, त्यामुळे होळीचं पुरण मालकीणबाई, म्हणजे आमच्या काकू, पाट्यावर वाटत. चकलीच्या सोऱ्यातून लाकडाच्या भेगा बुजवायच्या लांबीच्या बारीक वळ्या पडत. सोनाराचा एक जुना तराजू त्यांनी कुठून पैदा केला होता, त्यात सोनं कधीच तोललं गेलं नाही. त्यात खिळे, टाचण्या, आगकाडीचे तुकडे आणि एकदा माझ्या ताटातली भाकरी तोलली गेली. "तुमची भाकर माह्या मागच्या पंखापेक्षा जड आहे," असं त्यांनी मला फार गंभीरपणे सांगितलं होतं. यात भाकरीचं चुकलं की पंखाचं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना.

धंदा विचाराल तर ते रेडिओ दुरुस्त करत. म्हणजे लोक त्यांच्याकडे बिघडलेले रेडिओ आणून देत एवढं नक्की. पुढचं ज्याचं त्याचं नशीब. ट्रान्झिस्टर तेव्हा नुकते कुठे दिसायला लागले होते. घरोघरी मोठे, लाकडी पेटीचे, तापल्याशिवाय तोंड न उघडणारे रेडिओ. दुरुस्त झालेला रेडिओ परत जाई तेव्हा त्यावर एकच स्टेशन लागे. आमच्या मालकांचं म्हणणं असं की, तेच एक स्टेशन चांगलं आहे, बाकीची ऐकून काय करता? आणि प्रत्येक रेडिओतून एक पेच ते मुद्दाम काढून ठेवत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "एक पेच कमी असला म्हंजे मशीन नम्र राहते. मानसाचंबी तसंच आहे." यंत्रांशी ते अहोजाहो करत आणि माणसांना, एक मास्तर सोडला तर, अरेतुरे. इंजिनाला "या साहेब, बसा" म्हणणारा हा गृहस्थ गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवाल्याला, जो वयानं त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा होता, "काहून बे, आला का पुन्हा?" असं विचारी.

गिरणीवाला पुन्हा पुन्हा का येई, तेही सांगतो. त्याच्या मोठ्या रेडिओतला एक व्हॉल्व्ह परत आला नव्हता. कोणाचा व्हॉल्व्ह, कोणाचा कंडेन्सर, कोणाची नुसतीच तार, असं करत आमच्या गल्लीतल्या निम्म्या रेडिओंचे अवयव माझ्या खाटेवरच्या त्या सांगाड्याकडे वाटचाल करत होते. कारण तो सांगाडा विमानाचा होता. बसायचं नव्हे, उडवायचं. जमिनीवर एक पेटी, पेटीवर एक बटण, आणि बटण दाबलं की आकाशातलं विमान बिनतारी हुकूम ऐकून वळणार! कुठल्याशा परदेशी मासिकातली चार पानं त्यांना रद्दीत मिळाली होती. पाचवं पान मिळालं नाही, पण अशा बारीकसारीक गोष्टींनी ते थांबणारे नव्हते.

मासिकात म्हटलेलं हलकं विलायती लाकूड अमरावतीत मिळणं शक्य नव्हतं, म्हणून धारणीकडून येणाऱ्या एका ट्रकवाल्याकडून सावरीचं लाकूड आलं. इंजिन मात्र मुंबईहून पार्सलनं आलं. मुठीत मावेल एवढं. त्याला लागणारं तेल घरीच होई: रॉकेल, एरंडेल आणि दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून बाटलीनं मागवलेला ईथर. या मिश्रणाच्या बाटल्या माझ्या उशाशी ठेवलेल्या असत. त्या वर्षी मला जितकी गाढ झोप लागली तितकी पुन्हा कधी लागली नाही. इंजिन सुरू करायला पंखा बोटानं फिरवावा लागे आणि साहेबांचा स्वभाव तापट, त्यामुळे मालकांच्या उजव्या तर्जनीला कायम चिंधी.

खरं यंत्र विमानाच्या पाठीत होतं. पीळ भरलेली रबराची एक पट्टी आणि तिच्या टोकाला एक इवलंसं चक्र. बटण दाबलं की चक्र एक घर पुढं सरकून थांबे, "टक्." पहिल्या टक्ला शेपटी डावीकडे, दुसऱ्याला सरळ, तिसऱ्याला उजवीकडे, चौथ्याला पुन्हा सरळ. बस्स. हे "टक्" ऐकायला ते दिवसातून पन्नासदा बटण दाबत आणि दर वेळी लहान मुलासारखे माझ्याकडे पाहत. त्यांना हसायला मला आवडे, पण त्या टक्ला मी कधी हसलो नाही.

काकूंनी या माणसाबरोबर वीस वर्षं काढली होती. उन्हावर चालणारी चूल, आपोआप वर येणारी विहिरीतली बादली, मांजराला पाहून वाजणारी घंटा, सगळं त्यांनी सोसलं होतं. (घंटा मांजर सोडून सगळ्यांना पाहून वाजे.) अकोल्याला मालकांच्या थोरल्या भावाचं कापडाचं दुकान होतं, तो दर दिवाळीला यायचा आणि म्हणायचा, चल, गादीवर बस, माणसात ये. त्या दिवाळीला तो परत गेल्यावर काकूंनी पदर खोचला आणि माझ्यासमोरच निकाल दिला.

"हे शेवटचं. इमान उडालं पाहिजे, तुमी म्हनान तिकडे वळलं पाहिजे, अन् वापस आलं पाहिजे. आलं, तर मी जन्मात तोंड उघडनार नाही. नाही आलं, तर हा सारा पसारा भंगारवाल्याले, अन् आपन चाललो अकोल्याले. मास्तर साक्षीदार."

"मंजूर," मालक म्हणाले. कापड मोजायला बसणं म्हणजे त्यांच्या लेखी जन्मठेप होती. पण आपण हरू शकतो हे त्यांच्या मनाला शिवलंच नाही. इतक्या वर्षांच्या अनुभवानंही शिवलं नाही, हे विशेष. मला मात्र दुसऱ्याच दिवशी धडकी भरली, कारण त्यांनी विमानाचा शेवटचा पेचही जागेवर बसवला.

आणि निकाल देणाऱ्या काकूंनी काय केलं? पंखांवर चढवायला हलकं, दाट विणीचं कापड मिळेना, तेव्हा पेटीतून स्वतःच्या लग्नातला रेशमी शेला काढून दिला. "पडून पडून कसरच लागून राहिली त्याले," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. जरीचा काठ कापू नका, असं मात्र आतून ओरडून सांगितलं. म्हणून त्या विमानाच्या दोन्ही पंखांना चांगला चार बोटं जरीचा काठ होता.

फाल्गुनातल्या एका रविवारी सकाळी आम्ही वडाळीच्या बाजूच्या माळावर गेलो. वावरं मोकळी झाली होती, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून ढीग घातले होते. अख्खी गल्ली आमच्या मागं. त्यांना विज्ञानाचं कौतुक होतं असं नाही; जो तो आपापला व्हॉल्व्ह पोचवायला आला होता. गिरणीवाल्यानं विमानाच्या पोटात वाकून आपला व्हॉल्व्ह ओळखला आणि मुलीला सासरी धाडताना करतात तसा चेहरा केला.

मालकांनी पाठीवरचं झाकण उघडून टक्-टक् करून दाखवलं. शेपटी डावीकडे, सरळ, उजवीकडे, सरळ. तेवढ्यात काकू तबक घेऊन पुढं झाल्या. नव्या गाडीची पूजा होते, नव्या मोटेची होते, मग विमानानं काय घोडं मारलंय? त्यांनी इंजिनाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि लिंबू-मिरची बांधायला निघाल्या. मालक तराजू घेऊन आडवे आले. "लिंबू वजनात बसत नाही. मिरची घे." एका मिरचीवर तडजोड झाली. मग काकूंनी कुंकवात रंगवलेल्या अक्षता ओंजळभर घेऊन तीनदा उधळल्या, अगदी सढळ हातानं. काही पंखांवर पडल्या, काही माझ्या डोक्यावर, उरलेल्या कुठं गेल्या ते कोणी पाहिलं नाही.

मालक पुन्हा एकदा यंत्र बघायला वाकले. काकूंनी त्यांचा हात धरला.

"आता हात नका लावू! पूजा झाली. पूजेवर शक घेत असते का कोनी?"

आयुष्यात कोणाचं न ऐकलेल्या त्या माणसानं त्या वेळी बायकोचं ऐकलं. तिच्याकडे पाहिलं, शेल्याच्या काठाकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं झाकण लावून दोऱ्यानं बांधलं.

विमान फेकायचं काम माझं. इंजिन तडतडलं आणि एरंडेलाची पिचकारी माझ्या सदऱ्यावर आली. मी वाऱ्याच्या तोंडाकडे धावत सुटलो. मागून मालक ओरडत होते, "मास्तर, सोडा! भाला नाही फेकून राहिलो आपन! हलकेच सोडा!" मी हलकेच सोडलं. ते हातभर खाली गेलं, आणि मग उठलं. खरंच उठलं. बाभळीच्या वर गेलं, काकूंच्या लग्नाचा काठ उन्हात लखलखला, आणि एवढा गलका करणारी आमची गल्ली माना वर करून पाहत राहिली. मला रडू आलं हे कबूल करायला आता हरकत नाही. मालकांनी बटण दाबलं. विमान डावीकडे वळलं. हुकूम ऐकला त्यानं! लोकांनी टाळ्या पिटल्या.

मालकांनी पुन्हा बटण दाबलं. विमान डावीकडेच वळत राहिलं. पुन्हा दाबलं. पुन्हा. विमान आमच्या डोक्यावर गोल गोल फिरू लागलं.

"पाहा, प्रदक्षिणा घालून राहिलं!" काकूंनी हात जोडले. दोनचार बायांनीही जोडले. मालक चिंधी बांधलेल्या बोटानं बटण दाबत होते, दाबतच होते, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडत चालला होता. नैर्ऋत्येचा वारा सुटला होता. प्रत्येक प्रदक्षिणा मोर्शीच्या बाजूला थोडी थोडी सरकत गेली. विमान चिमणीएवढं झालं, मग माशीएवढं. गिरणीवाला टाचा उंच करून ओरडला, "अरे बाप्पा, माहा व्हॉल्व्ह चालला!" आणि मग आकाशात काहीच उरलं नाही.

सायकली काढून आम्ही संध्याकाळपर्यंत शोधलं. नाही मिळालं. परत आल्यावर मालक ओसरीवर बसले आणि एवढंच म्हणाले, "उडालं. पन वापस नाही आलं." दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला त्यांनी स्वतःच हाक मारली. काकू दाराआड उभ्या होत्या. राहू द्या म्हणायला त्यांचं तोंड उघडत होतं असं मला वाटलं, पण मालकांनी शब्द दिला होता आणि ते पसारा बांधत होते.

अकोल्याला जायला आठवडा उरला असताना दूधवाल्यानं खबर आणली. मोर्शी रोडच्या एका संत्र्याच्या बागेत कायतरी पाखरू टांगलंय, लुगडं नेसलेलं. काकूंना न सांगता आम्ही दोघं सायकलवर गेलो. बागेच्या मधोमध बांबूवर आमचं विमान लटकत होतं. एक पंख मोडका, बाकी शाबूत. राखणदार म्हातारा मोठा खुशीत होता. "हे टांगल्यापासून एक पोपट नाही आला पाहा. जरीचा काठ चमकते ना, भेतात."

मालकांनी झाकणाचा दोरा सोडला. आत चक्राच्या दातात तांदळाचा एक दाणा घट्ट अडकलेला होता. कुंकवानं लाल झालेला. त्यांनी तो नखानं काढला, रबराला पीळ दिला, चक्राला अडवणारा खटका बोटानं उचलला. टक्. सरळ. टक्. उजवीकडे.

मी काही बोलणार तोच म्हणाले, "मास्तर, रबर ढिलं होतं."

"अहो, पण काकूंना सांगितलं तर अकोल्याला जावंच लागणार नाही!"

"रबर ढिलं होतं," त्यांनी मला पुन्हा सांगितलं, या खेपेला माझ्या डोळ्यांत पाहून. एवढ्या वर्षांत त्यांनी काकूंना कशाकशाचा दोष दिला नसेल! मिठाचा, पावसाचा, मांजराच्या घंटेचासुद्धा. हा एकच खरा होता आणि तोच त्यांनी दिला नाही. गिरणीवाल्याचा व्हॉल्व्ह काढून त्यांनी खिशात टाकला आणि विमान पुन्हा बांबूला नीट बांधलं, माझ्या खाटेवर बांधत तसंच, गाठीवर गाठ मारून. मी म्हटलं, घरी नाही न्यायचं? तर म्हणाले, "राहू द्या. नोकरी लागली त्याले. आता मलेबी लागन."

पुढं बऱ्याच वर्षांनी कामानिमित्त अकोल्याला गेलो तेव्हा दुकानात डोकावलो. मालक गादीवर बसले होते, केस पिकले होते. समोरच्या गिऱ्हाइकाचं लुगडं मोजायचं सोडून ते मीटरची पट्टी बोटावर तोलून तिचा मध्य शोधत होते. मला फार बरं वाटलं. वर घरी गेलो, काकूंनी चहा दिला आणि पदरानं कप पुसता पुसता एकदम विचारलं, "मास्तर, तुमी खरं सांगा. याईले इचारलं तर हसतात. तवा ते इमान वळलं काहून नाही?"

मालक बशीतला चहा फुंकत माझ्याकडे पाहत होते.

"रबर ढिलं होतं, काकू," मी म्हणालो.

"मी तवाच म्हनत होती, नवं घ्या म्हून!" काकू म्हणाल्या. मग जरा थांबून, हळू आवाजात, "मले उगाच वाटत राहायचं, माह्या पूजेत तर काही चुकलं नाही?"

मालकांनी बशी खाली ठेवली.

"काही बोलते का तू," ते म्हणाले. "तुह्या पूजेनंच तर उडालं ते."