गाडीच्या अकलेचं बटन

आमच्या सेठजींच्या गाडीत एक बटन होतं, आणि ते मी दोन वर्षं रोज सकाळी बंद करत होतो.

गाडी परदेशी बनावटीची, काळी, लांबलचक. नवीन जालन्यात बियाण्याच्या धंद्याला बरकत आली होती, त्या दिवसांत सेठजींनी ती घेतली. त्यांचे पणजोबा म्हणे राजस्थानातून पायी आले होते. पहिल्या दिवशी बदनापूरच्या पुढं रस्ता मोकळा दिसला म्हणून मी ॲक्सिलरेटरवर जरा पाय दिला, तर पाठ सीटला चिकटली आणि पोटातलं पाणी हललं. इतकी ताकद एका पायाच्या अंगठ्याखाली असते, हे मी तोवर कधी अनुभवलं नव्हतं. सेठजी मागून म्हणाले, "मामा, जमिनीवरून चालवा जी!"

पण मीही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हतो. सेठजींकडं लागायच्या आधी बारा वर्षं मी अंकुशनगरच्या कारखान्याला उसाचा ट्रॅक्टर चालवला होता. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांचे ब्रेक वेगवेगळे असतात. चिखलात एक चाक नुसतं गरगर फिरायला लागलं, की सगळी ताकद तिकडंच वाया जाते. अशा वेळी त्याच चाकाचा ब्रेक अंदाजानं दाबून धरायचा. मग ताकद दुसऱ्या चाकाला मिळते आणि ट्रॅक्टर बाहेर निघतो. किती दाबायचा ते कुणी शिकवत नाही, पायाला कळावं लागतं. माझ्या पायाला कळायचं. रुतलेली ट्रॉली काढायला लोक मला जेवणावरून उठवून न्यायचे, आणि मीही भरपूर भाव खायचो.

गाडी ताब्यात देताना शोरूमच्या माणसानं ते बटन दाखवलं होतं. त्यावर घसरणाऱ्या गाडीचं चित्र. "याला ट्रॅक्शन कंट्रोल म्हणतात. चाक घसरायला लागलं की गाडी स्वतःच सावरते. रुतली तरच बंद करायचं, रस्त्यावर नाही." मी मान डोलावली आणि एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून दिलं.

पुढं एकदा कपाशीच्या बियाण्याचा प्लॉट बघायला गेलो आणि गाडी काळ्या मातीत रुतली. पाय दिला की इंजिन आपोआप दम सोडायचं. चाक फिरेल तर चिखल झटकेल ना! वैतागून मी ते बटन दाबलं. चाकं फिरली, चिखल उडाला, गाडी निघाली. त्या दिवशी मी ठरवूनच टाकलं, की हे बटन म्हणजे गाडीच्या पायातलं लोढणं आहे. माझ्यासारख्याच्या पायावर भरवसा न ठेवणारी अक्कल मला नको होती. गाडी दरवेळी सुरू केली की ते परत चालू व्हायचं. मग मी स्टेअरिंगला हात लावून नमस्कार करायचो आणि लगेच बटन बंद. सेठजींना पत्ता नव्हता.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं, सासर अंकुशनगरच्याच बाजूला. तुळशीचं लग्न उरकल्यावरची तिथी. सेठजींनी आपणहून गाडी दिली. नवरीच्या बापानं पाठवणीची गाडी चालवायची नसते, असं भावकीतले म्हातारे म्हणत राहिले. मी म्हटलं, "ही गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची म्हणता? बिलकुल न्हाई!"

जावई आणि मुलगी मागं बसले. मी गाडी सुरू केली, नमस्कार केला, बोट बटनापाशी गेलं. आरशात तिच्या मुंडावळ्या दिसल्या. रडून नाक लाल झालं होतं. बोट मागं आलं. राहू दे आजच्या दिवस, एवढंच मनात आलं.

अंबड मागं पडलं. साखर कारखान्याचा हंगाम जोरात होता. पाणी दिलेल्या फडांतून निघालेल्या ट्रॉल्यांनी काळी माती डांबरावर आणून थापली होती. उसानं भरलेली एक ट्रॉली ओलांडायला मी गाडी उजवीकडं काढली आणि पाय दिला. गाडीचं मागचं अंग सरकन डावीकडं निघालं, ट्रॉलीच्या चाकाकडं. मुलगी त्याच बाजूला बसली होती.

माझा पाय दगड झाला. खरं सांगतो, बारा वर्षांची ती विद्या जागची हलली नाही. पण समोर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकला, इंजिनाचा आवाज खाली आला आणि खालून टक-टक-टक ऐकू आलं. कुणीतरी एकाच चाकाला ब्रेक लावत होतं, दाबत होतं, सोडत होतं. ते मी तात्काळ ओळखलं. ते माझंच काम होतं, आणि माझ्याशिवाय चाललं होतं. गाडी सरळ झाली आणि ट्रॉली मागं राहिली.

"अप्पा, काय झालं?"

"काही न्हाई. चिखल व्हता."

पुढं टायर बघायच्या निमित्तानं मी खाली उतरलो.  बॉनेटवर डोकं टेकवलं तर जावई बघत राहिले. आपली काळी माती ज्यानं जन्मात पाहिली नसेल अशा कुणीतरी माझ्या पायाची सगळी अक्कल त्या लोखंडात भरली होती, आणि वर न घाबरण्याची सोयही केली होती. कोण असेल तो, याचं नवल मला आजही वाटतं.

परतताना गाडीत मी एकटाच होतो, आणि तेव्हा ध्यानात आलं. सेठजींची दोन्ही नातवंडं रोज याच गाडीतून शाळेत जात होती. दोन वर्षं. बटन बंद.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेढीवर गेलो, सगळं सांगितलं आणि किल्ली गादीवर ठेवली.  सेठजी हळू आवाजात म्हणाले, "एक सांगा, मामा. पोरगी बसली तवा का न्हाई बंद केलं?"

मी किल्ली त्यांच्याकडं आणखी सरकवली. 

त्यांनी घड्याळाकडं पाहिलं, किल्ली उचलली आणि माझ्या हातात दिली. "जा जल्दी. शाळा सुटली. लेकरं वाट बघून राह्यले."