ओव्हाळ काकांची पोलंडमधली सही

एका खऱ्या माणसाला मी भर वर्गात खोटं पाडलं होतं.

ओव्हाळ काका परवा गेले. हार्ट अटॅक. रिटायर होऊन धड चार महिनेही झाले नव्हते.

चिंचवडला माझा स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे, तुम्हाला माहीतच आहे. वर्गात नर्सिंगच्या मुली, नोकरी शोधणारी पोरं, आणि शेवटच्या बाकावर सत्तावन्न वर्षांचे ओव्हाळ काका. महाळुंग्याच्या एका कंपनीत पॅकिंगला होते. फर्स्ट शिफ्ट संपवून घरी न जाता थेट क्लासला यायचे.

कशासाठी, ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

कंपनी पॅकिंगमधल्या एका माणसाला तीन आठवडे पोलंडला पाठवणार होती. इथून गेलेला माल तिथल्या गोदामात कसा उतरवायचा ते दाखवायला. पण आधी इंग्रजीत इंटरव्ह्यू. काकांनी पासपोर्ट काढून ठेवला होता. दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळून रोज क्लासला आणायचे. कशाला, ते मला विचारू नका.

त्या आठवड्यात प्रेझेंट परफेक्ट चालू होतं. प्रवासावरची वाक्यं. हॅव यू एव्हर बीन टू गोवा? येस, आय हॅव. एकेकाला उभं करत होते. कोणी महाबळेश्वर सांगितलं, कोणी शिर्डी.

काका उठले.

"आय हॅव बीन टू पोलंड. आय हॅव बीन टू ब्राझील, टर्की, मेक्सिको."

वर्ग फिसकन हसला. आणि माझा स्वभाव तर तुम्हाला ठाऊकच आहे. मी म्हटलं, काका, थापा मारायला इंग्रजी शिकताय का?

ते गडबडले. मग मराठीत समजावायला लागले. परदेशी जाणाऱ्या लाकडी पेटीत पार्ट भरले, की भरणाऱ्याने झाकणाच्या आतल्या बाजूला सही करायची, अशी त्यांच्याकडची पद्धत. माल खराब निघाला तर कोणी भरला ते कळावं म्हणून. बाकीचे नुसता टोकन नंबर खरडायचे. काका मात्र मार्करने नाव लिहायचे, मराठीत, ठसठशीत. खाली गाव. 'ओव्हाळ, महाळुंगे.'

बावीस वर्षं.

"म्याडम, माझं नाव गेलं म्हणजे मी गेलोच की."

मी म्हटलं, नाव जातं हो, माणूस इथेच राहतो. म्हणा, नो, आय हॅवन्ट बीन एनीव्हेअर.

ते म्हणाले. तीनदा म्हणवून घेतलं मी.

आज कबूल करते. व्याकरणात त्यांची काडीची चूक नव्हती. झोंबलं होतं मलाच. बारा वर्षं मी लोकांकडून पॅरिस-लंडनची वाक्यं घोकून घेतेय, आणि स्वतः अजून विमानात पाय ठेवलेला नाही.

पंधरा दिवसांनी इंटरव्ह्यू झाला. साहेबांनी नेमकं तेच विचारलं. हॅव यू बीन अब्रॉड?

काका न अडखळता म्हणाले, नो सर, आय हॅवन्ट बीन एनीव्हेअर.

आणि थांबले. पेट्या, सही, बावीस वर्षं, एक अक्षर बोलले नाहीत. बोललं की थापा वाटतात, हे मीच शिकवलं होतं ना.

निवड नितीनची झाली, त्यांच्याच खात्यातल्या. तो दुबईला जाऊन आला होता.

दुसऱ्या दिवशी काका क्लासला आले, ते मला सांगायला.

"म्याडम, वाक्य एकदम बरोबर आलं."

ना राग, ना टोमणा. अहो, चार शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं.

नितीन पोलंडला गेला आणि तिथून त्याने काकांना एक फोटो पाठवला. गोदामातल्या लोकांनी इथून गेलेल्या पेट्यांची झाकणं फेकलीच नव्हती. लाकूड चांगलं म्हणून जेवणाच्या खोलीत भिंतीला ठोकली होती, लिहिलेली बाजू बाहेर ठेवून. भिंतभर ओव्हाळ, महाळुंगे. ओव्हाळ, महाळुंगे. तिथले लोक रोज त्या भिंतीखाली जेवतात. हे काय लिहिलंय, असं त्यांनी नितीनला विचारलं. तो म्हणाला, आमचे काका आहेत.

रिटायर झाले त्या आठवड्यात काकांनी तो फोटो क्लासच्या ग्रुपवर टाकला. खाली एक ओळ.

"आय हॅव बीन टू पोलंड, म्याडम."

मी अंगठा टाकला. नुसता अंगठा.

सॉरी लिहायचं होतं. पण सगळ्या वर्गासमोर माघार कशी घ्यायची? म्हटलं, एखाद्या रविवारी घरी जाऊन सांगू. चार महिन्यांत किती रविवार आले न् गेले.

शेवटी त्यांच्या घरी गेले ती आज.

काकूंनी कपाटातून तीच दुधाची पिशवी काढली. आत कोरा पासपोर्ट. त्याच्या पानांत त्या फोटोची प्रिंट, घडी घालून ठेवलेली.

काकू म्हणाल्या, "तुमचं लई सांगायचे. आल्यागेल्याला हा फोटो दाखवायचे आणि म्हणायचे, म्याडमनी अंगठा दिलाय. आता कुणी खोटं म्हणणार न्हाई."

चहा घेतला आणि सॉरी न म्हणताच उठले.

म्हणून इथे लिहितेय. वर्गातले सगळे आहेत इथे, त्या दिवशी हसलेले पण.

काका, तुम्ही पोलंडला जाऊन आलात. ब्राझीलला, टर्कीला, मेक्सिकोलाही. खोटी पडले ती मी.

जय भीम, काका.