राणीसावरगावच्या चढावरची मंगल

मंगल गेल्याचा फोन आला तेव्हा मी सोनपेठला लेकीकडे होते. दुपारची वेळ, पानं नुकतीच वाढली होती. फोन तिच्या मुलाचा, महेशचा, पुण्याहून. "मावशी, आई गेली," एवढंच बोलला. मग मीच विचारलं, कुठं? रस्त्यावर? "नाही, दुकानात. साडीला फॉल लावत होती. मशीनवरच मान टाकली." खरं सांगते, रडू यायच्या आधी मला हायसं वाटलं... कारण ती रस्त्यावर, सायकलीवर गेली असती तर आमच्या गंगाखेडात तिच्या मरणाला कुणी मरण म्हटलं नसतं, शिक्षा म्हटलं असतं.

तरी काहींनी म्हटलंच. मंगल लिंगायत. त्यांच्यात माणसाला बसवून समाधी देतात. कपाळाला भस्म, हातात लिंग, आणि पाठ ताठ, अगदी जित्या माणसासारखी. मी तिच्याकडे बघत उभी होते आणि मागून एक बाई कुजबुजली, "ह्या वयात सायकली हाणल्यावर काळीज ऱ्हातंय व्हय जाग्यावर?" मी मागं वळले. म्हटलं, "अक्का, सायकलीनं तिला मारलं न्हाई, जगवलं. पटत नसंल तर घरी जाऊन बोला, हितं बोलू नका." अशा जागी आवाज चढवू नये हे मला कळतं. मी चढवला. त्याला आता काही आठवडे झाले, आणि हे लिहिते आहे तेही त्याच आवाजात.

आम्ही दोघी एका वर्गातल्या. मी पुढं शाळेत गणित शिकवायला लागले, तिनं नवऱ्याच्या माघारी बाजारपेठेत फॉल-पिको आणि ब्लाऊजपीसचं दुकान चालवलं. गाळा तिच्या दिराचा, शिवाप्पा अण्णांचा. माणूस वाईट नाही, पण घरातल्या बाईनं काय करावं हे आपल्याला विचारूनच ठरतं असं मानणारा. मंगल पन्नाशीला आली तेव्हा रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, चाला. तिला चालायचा भारी कंटाळा. त्याच सुमारास महेशनं पुण्यात हौसेनं घेतलेली गिअरची सायकल, हौस फिटल्यावर, गावाकडं पाठवून दिली. बारीक चाकांची, वाकडं हँडल, हलकी इतकी की एका हातानं उचलावी. अण्णा म्हणाले, कुणाला तरी देऊन टाकू. मंगल म्हणाली, "मलाच द्या की."

लहानपणी मळ्यात वडिलांची काळी सायकल नळीखालून पाय घालून चालवलेली, तेवढ्या भांडवलावर तिनं सुरुवात केली. पहाटे गोदावरीच्या पुलापर्यंत जायचं आणि यायचं. मी माझ्या लेकीची जुनी लेडीज सायकल काढली आणि साडी खोचून सोबत निघाले. मंगलच्या अंगात पंजाबी ड्रेस, वर ओढणी गच्च बांधलेली, आणि डोक्यावर महेशचं हेल्मेट. पुलाजवळच्या हॉटेलात बसलेले लोक विचारायचे, "काकू, कुठं शर्यत हाय का?" मंगल न थांबता म्हणायची, "हाय. येतावं का?" कुणी आलं नाही.

परभणी जिल्हा म्हटलं की लोकांना सपाट काळं रान आठवतं. पण गंगाखेडाहून दक्षिणेला निघालात की बालाघाटाचे डोंगर सुरू होतात आणि राणीसावरगावचा रस्ता वर चढायला लागतो. पुलापर्यंतचा रस्ता पायाखालचा झाल्यावर मंगलची नजर तिकडं वळली. पहिल्या दिवशी चढ अंगावर आला तेव्हा तिनं गिअर बदलला, पण उशिरा, सगळा जोर पायडलवर पडलेला असताना. कर्रर्र आवाज झाला, चेन पडली, आणि ती जागीच आडवी. मागून कापसाचा टेम्पो आला. त्याच्या ड्रायव्हरनं काच खाली घेऊन आम्हाला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. दोघी सायकली ढकलत वर गेलो. ढकलताना तिला इतकी लाज वाटली की समोरून कुणी आलं की ती थांबून चेनकडं बघितल्यासारखं करायची.

चढ मात्र लवकर जमला. चढ सुरू व्हायच्या आधीच हलका गिअर टाकायचा, आणि पुढच्या वळणाची घाई न करता बोलता येईल इतक्याच दमानं पाय फिरवायचे. बोलता आलं नाही तर आपण जास्त जोर लावतोय. म्हणून मंगल चढावर दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायची. घाबरवलं ते उतारानं. खाली येताना सायकल पळायला लागली की तिचे खांदे कानाला भिडायचे, मुठी पांढऱ्या पडायच्या. एका सकाळी वळणावर पसरलेली बारीक खडी दिसली आणि तिनं पुढचा ब्रेक गच्च दाबला. चाक सरकलं. मी मागून बघत होते... ती हवेत गेल्याचं दिसलं, पडल्याचं नाही. मनगट मोडलं, गुडघा सोलून निघाला.

अण्णा दवाखान्यात आले. खाटेजवळ उभं राहून म्हणाले, "झालं ना समाधान? आता ती सायकल इकून टाकतो."

मंगल गळ्यात हात अडकवून बसली होती. म्हणाली, "अण्णा, हात मोडलाय. पाय न्हाई मोडला. सायकलीला कुणी हात लावायचा न्हाई."

प्लास्टर निघाल्यावर मला वाटलं होतं ती पुलाच्या सपाट रस्त्यावर परत जाईल आणि तिथंच राहील. मीही तेवढ्यावर खूश झाले असते. पण तिनं मला बाजार समितीच्या मोकळ्या आवारात नेलं. पायातली चप्पल काढून फरशीवर ठेवली आणि लांबून वेगात येऊन चपलेच्या अलीकडं थांबायचा सराव सुरू केला. आधी नुसता मागचा ब्रेक, मग नुसता पुढचा, अगदी हलक्या बोटांनी, मग दोन्ही. अंग सीटवर मागं सरकवून. मग चपलेच्या बाजूनं वळण घ्यायचं. तेव्हा तिच्या एक लक्षात आलं. चपलेकडं बघत आलं की चाक दर वेळी चपलेवरच जायचं. "सुमन, खड्डा दिसला की आपण खड्ड्याकडंच बघत बसतोय, अन् मग त्याच्यातच पडतोय," ती म्हणाली. "मोकळा रस्ता कुठंय तिकडं बघायचं." हे तिला कुणी शिकवलं नाही. आवारात धान्य वाळवायला आलेले लोक हसत असताना ती हे शिकली.

मग उताराचे तुकडे पाडले. पहिल्या वळणापर्यंतच चढायचं, खाली यायचं. ते भीतीशिवाय जमलं की दुसऱ्या वळणापर्यंत. वेग वळणाच्या आधीच कमी करायचा, वळणात ब्रेक सोडून द्यायचा, बाहेरच्या बाजूचा पाय खाली दाबून ठेवायचा, आणि कोपर सैल. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली काळी माती रस्त्यावर दिसली की उतरून चालायचं, त्यात कमीपणा नाही. किती महिने गेले सांगता येणार नाही. पण एका थंडीतल्या सकाळी ती पार वरच्या खिंडीतून निघाली आणि पायथ्याशी येईपर्यंत कुठंही थांबली नाही. मी खाली पोचले तेव्हा ती रस्त्याच्या कडेला बसून एकटीच हसत होती. डोळ्यांतून पाणी. म्हणाली, वाऱ्यानं आलंय.

त्यानंतर परभणीच्या काही सायकलवाल्या मंडळींनी याच घाटात एक फेरी ठरवली. डॉक्टर, इंजिनिअर, दुकानदार, सगळे पुरुष. मंगलनं नाव द्यायला फोन केला. पलीकडचे गृहस्थ अतिशय अदबीनं म्हणाले, "ताई, चढ लय अवघड आहे. तुम्ही झेंडा दाखवायला या ना, तुमचा सत्कार करू." ती हो म्हणाली. मला वाटलं वाकली. फेरीच्या दिवशी तिनं शाल घेतली, नारळ घेतला, टाळ्या घेतल्या, झेंडा दाखवला. मग झेंडा शेजारच्या पाहुण्यांच्या हातात दिला, शाल माझ्या खांद्यावर टाकली आणि भिंतीला टेकवून ठेवलेली सायकल घेऊन सगळ्यांच्या मागून निघाली. पाहुण्यांना झेंड्याचं काय करावं कळेना. ती सगळ्यात शेवटी पोचली, पण एकदाही न उतरता. संयोजकांनी पुन्हा सत्कार करायची तयारी दाखवली तेव्हा म्हणाली, "सत्कार ऱ्हाऊ द्या. पुढच्या टायमाला नाव लिहून घ्या."

हे सगळं बघायला रस्त्याकडेला गावातल्या बायाही उभ्या होत्या. त्या आठवड्यात शाहीन दुकानात आली. कपडा बघितल्यासारखं करून हळूच म्हणाली, "चाची, मुझे भी सिखाव ना." मग वंदना आली, मग अजून दोघी. अडचण सायकलीची नव्हती, कपड्यांची होती. सासरच्या ओट्यावरून पँट घालून बाहेर पडायची हिंमत एकीचीही नव्हती, आणि खोटं कशाला बोलू, माझीही नव्हती. मंगलनं दुकानाची मागची खोली उघडून दिली. पहाटे आम्ही साड्या नेसून, बुरखा घालून, देवळाला नाही तर फिरायला निघाल्यासारख्या यायचो, तिथं कपडे बदलायचो आणि शटर अर्धं वर करून सायकली बाहेर काढायचो. आमच्या साड्या तिच्या मशीनवर घड्या घालून ठेवलेल्या असायच्या. परत आल्यावर पुन्हा नेसायच्या आणि घरी जाऊन चहा टाकायचा. मंगल एकटीच घरून तशीच यायची. आम्हाला कधी टोचून बोलली नाही. एकदाच म्हणाली, "माझ्या खोलीची सवय लावून घेऊ नका गं."

मागच्या वर्षी तिला धाप लागायला लागली. परभणीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदय थकलंय, आता घाट बंद. तिनं विचारलं, "उतार चालंल का?" डॉक्टर म्हणाले, उताराला काय, उताराला श्रम नाहीत. बाहेर आल्यावर ती माझ्याकडं बघून हसली. त्या दिवसापासून ती चढावर सायकल ढकलत न्यायची. झाडाझाडाखाली बसत, पाणी पीत, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हात करत. कुणी विचारलं, "पंक्चर झाली का?" तर म्हणायची, "न्हाई, मी झालेय." आणि वर पोचली की सायकलीवर बसून अशी खाली यायची की आमच्यातल्या तरण्या पोरी मागं राहायच्या. महेश फोनवर चिडायचा. अण्णा चिडायचे. ती कुणाशी वाद घालत नव्हती, नुसती रविवारी पहाटे उठत होती. शेवटचा रविवारही तसाच गेला. मंगळवारी दुपारी ती मशीनवर होती.

विधी आटोपल्यावर अण्णांनी दुकानाला कुलूप घातलं. गाळा त्यांचा, त्यांचा हक्क. महेश सायकल माझ्याकडं ठेवून गेला. रविवारी पहाटे आम्ही सवयीनं दुकानासमोर जमलो. साड्या नेसलेल्या, हातात कपड्यांच्या पिशव्या, समोर बंद शटर. त्या शटरमागं ती खोली होती, तिची मशीन होती, भिंतीवर आमच्यासाठी तिनं ठोकलेले खिळे होते. शाहीननं कुलूप एकदा हातात घेऊन सोडून दिलं. वंदना म्हणाली, "आता कुठं बदलायचं?" मी म्हणाले, "घरी."

पुढच्या रविवारी मी माझ्या घरातून, सासरे ओट्यावर तंबाखू मळत बसलेले असताना, पँट आणि शर्ट घालून मंगलची सायकल बाहेर काढली. सासऱ्यांचा हात थांबला. चौकात वंदना आली, तशीच. शाहीन आली, डोक्याला स्कार्फ, वर हेल्मेट, आणि तिच्या मागं अंतर ठेवून तिचा नवरा मोटारसायकलवर, रागवावं की सोबत करावी हे अजून न ठरलेल्या चेहऱ्याचा. हॉटेलाबाहेर शिवाप्पा अण्णा चहा घेत उभे होते. त्यांनी आमच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"सुमनबाई, हा काय अवतार? निघालाव कुठं?"

"राणीसावरगावला," मी म्हणाले. "अन् येताना तुमच्या दुकानावरूनच येणार हावोत."

आणि आलो. दुकानं उघडायच्या वेळेला, भर उजेडात, बाजारपेठेच्या मधोमध.