कुत्र्याला लावलेलं होडीचं तेल

माहेरून सासरी येताना मी एक ट्रंक, दोन पितळी तांबे आणि एक कुत्रा आणला. कुत्रा खरं तर मी आणला नाही, तोच आला. कट्टा गावाजवळच्या आमच्या वाडीपासून मालवणच्या किनाऱ्यापर्यंत बैलगाडीच्या मागून चालत आला, आणि वरातीतली माणसं जेवायला बसली तेव्हा तोही ऐटीत बसला. सासूनं विचारलं, "ह्यो कोणाचो पावणो?" मी नवी नवरी, काय बोलणार? सासरेच म्हणाले, "ऱ्हवांदे गो, आंदणात इलो." झालं, राहिला.

नवरा पहाटे होडीवर जायचा आणि परत आला की ओंडक्यासारखा झोपायचा. सासू मासे विकायला बाजारात. घरात माझं सगळं बोलणं ऐकून घेणारा तो कुत्राच. कधी मला 'गप ऱ्हव' म्हणाला नाही.

पाऊस ओसरला आणि त्याला गोचिडी लागल्या. कानांत, मानेखाली, बोटांच्या बेचक्यांत. मी रोज काढायचे आणि करवंटीतल्या रॉकेलात टाकायचे, पण रोज नव्या हजर! वर त्याची एक खोड. सासूची धुऊन ठेवलेली मासळीची पाटी ओसरीवर दिसली, की हा तिच्यात मुटकुळं करून झोपणार. हाकललं की उठायचा, पाठ वळली की पुन्हा पाटीत.

एक दिवस सासू भर दुपारी बाजारातून परत आली ती तणतणतच. त्या दिवशी बांगडे छान लागले होते, गिऱ्हाइकांची झुंबड होती. एका बाईनं बांगडे घेता घेता पाटीच्या कडेवरून एक टपोरा हिरवट दाणा उचलला आणि हसत म्हणाली, "आज बांगड्यांवांगडा तिरफळापण?" बांगड्याच्या सारात तिरफळ हवंच, तेव्हा सासूही न बघताच म्हणाली, "घे गो, तुझ्यासाठीच आणलंय." बाईनं वास घ्यायला दाणा नाकाशी नेला. दाण्याला पाय फुटले.

मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला तरी खांदे हलतच होते. सासूनं ते पाहिलं मात्र, पाटी आदळली.

"हसतंस? माझी जल्माची गिऱ्हाइकां आज दुसरीकडे गेली! येत्या सोमवारपर्यंत कुत्रो बरो होऊक व्हयो. नायतर कट्ट्याक परत!"

माझं हसू जागच्या जागी विरलं. कुत्रा परत गेला तर माहेरची वाडी काय म्हणेल ते मला घरबसल्या ऐकू येत होतं. आज कुत्रो इलो, उद्या मागसून पोरगी येतली. आईनं तर अन्न सोडलं असतं. आणि खरं सांगू? लोकांचं मरू दे. तो गेला असता तर त्या घरात मी एकटी पडले असते. मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी कुत्र्याला दोरी बांधली आणि आम्ही गुरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर घाटावरचे, बोलणं अगदी पुस्तकी. त्यांनी कुत्र्याचा ओठ उचलून हिरड्या पाहिल्या. "रक्त कमी झालंय. आणि हे पाहा, काही गोचिडी नुसतं रक्त पीत नाहीत, चावताना सुतासारखे बारीक जंत अंगात सोडतात. ते कातडीखाली वाढतात. मांजरांनासुद्धा जपा. याला तसे झालेत की नाही, हे मला इथे सांगता येणार नाही. आधी गोचिडी घालवा." त्यांनी एक भुकटी दिली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे, म्हणजे एका म्हशीकडे, वळले.

आम्ही परत निघालो. घराजवळ आल्यावर सासरे एकदम थांबले. "कीड भायरसून आत शिरता म्हणता ना तो? मगे होडयेक आणि काय होता? होडयेक कीड लागू नये म्हणान आपण काय लावतंव?"

होडीला लावतात मोरीच्या, म्हणजे मुशी माशाच्या, काळजाचं तेल. त्याच्या वासानं भूतही पळेल. मी म्हटलं, "अहो, भुकटी दिल्यानी ना?" पण सासरे पडले जुने तांडेल, होडीचे म्होरके; त्यांना कोण शिकवणार! भुकटी कोनाड्यात गेली. सासऱ्यांनी कुत्र्याला होडीसारखं आधी उपडं, मग उताणं घातलं आणि काथ्याच्या बोळ्यानं नाकापासून शेपटीपर्यंत तेल चोपडलं. सांध्यांत जरा जास्तच, कारण होडीही सांध्यांतच गळते.

गोचिडी पटापट गळायला लागल्या, हे कबूल करायला हवं. पण वाऱ्यानं वर्दी दिली आणि वाडीतली झाडून सगळी मांजरं आमच्या अंगणात आली. कुत्र्याला वाटलं आपला सत्कार आहे. एक कान चाटतंय, एक पाठ, एक पिल्लू तर शेपटीला लोंबतंय! तो बिचारा चारी पाय ताठ करून उभा, माझ्याकडे बघतोय. मला आठवलं, मांजरांना जपा. मी झाडू घेऊन धावले, सासरे वल्हं घेऊन धावले, आणि शेजारीपाजारी कुंपणावर बसून पोट धरून हसले. शेवटी त्याला शिकेकाईनं तीनतीनदा धुतला आणि कोनाड्यातली भुकटी लावली. मुकाट्यानं.

सोमवारी सासू बाजारात गेली नाही. ओसरीवर बसली आणि कुत्र्याला घेऊन यायला सांगितलं, "हाड त्येका." मी ट्रंक भरून दाराशी ठेवली होती. कुत्रा जाणार तर मीही जाणार, असं मी मनाशी ठरवलं होतं. ठरलं म्हणजे ठरलं.

सासूनं कान उलटून पाहिले. मान पाहिली. पोट पाहिलं. मग पुढचा पाय उचलून बेचकं फाकवलं. तिथे एक होती. चांगली टपोरी.

मी म्हटलं, "आये, तो जातलो तर मीय जातलंय."

सासूनं ट्रंकेकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. नखांच्या चिमटीत गोचीड धरून तिनं अलगद ओढली आणि रॉकेलात टाकली.

"मी ह्या घरात इलंय तेव्हा माझ्या वांगडा मांजर इल्ला. पांढरा. माझ्या सासूशीन दुसऱ्याच दिवशी परत धाडल्यान." तिनं बोटं पदराला पुसली. "माका कोणी विचारूक नाय."

मी डोळ्यांना पदर लावला.

"रडतंस काय गो? दुसरो पाय धर तेचो," ती म्हणाली.