पानातलं भोक

मुलाचं लग्न ठरलं तेव्हा तो मला म्हणाला होता, "बाबा, त्यांनी विचारलं तर गावाकडे शेती होती म्हणा." म्हटलं मी. लीड्सच्या हॉस्पिटलात डॉक्टर झालेला पोरगा, त्याचा शब्द मोडवेना. पण तेव्हापासून व्याही आले की मला खुर्ची टोचते.

व्याही पुण्याचे रिटायर्ड हेडमास्तर. माझी शाळा चौथीत सुटलेली. या उन्हाळ्यात ते इंग्लंडात आमच्याकडे महिनाभर राहायला आले आणि सूनबाईने आम्हा दोघांना लायब्ररीतल्या जुन्या हस्तलिखितांच्या वर्कशॉपला धाडलं. "घरात नुसत्या फेऱ्या मारता, बाबा. जा जरा."

तिथे काचेखाली हजार वर्षांहून जुन्या पुस्तकाचं एक पान होतं. ख्रिस्ती मठातल्या साधूंनी हाताने लिहिलेलं. पहिल्याच अक्षराने निम्मं पान खाल्लेलं, त्याच्या पोटात रंगवलेल्या पक्ष्यांच्या माना एकमेकींत गुंतलेल्या.

"कागद काय टिकलाय बघा!" व्याही म्हणाले.

कागद! जिभेवर आलेलं गिळलं. वासराचं कातडं होतं ते, केसांच्या बाजूचे बारीक टिपके दिसत होते. मध्ये एक लांबट भोक. लिहिणाऱ्याने ओळ तिथे तोडून पलीकडून पुढे नेलेली. माझा बाप हलगीसाठी कातडं ताणायचा, म्हणून मला ते भोक ओळखू आलं. खरवडताना पातं जरा खोल गेलं की बारीक जखम होते, आणि ताण बसला की ती डोळ्याएवढी उघडते. लिहिणाऱ्याचं कौतुक सगळे करत होते. खरवडणाऱ्याचं नावही कोणी काढलं नाही.

शिकवणाऱ्या बाईने पानातला पिवळा रंग ज्यापासून करायचे तो खडा दाखवला, विषारी आहे म्हणाली. हरताळ! कातड्यावरचे केस झडावेत म्हणून बाप चुन्यात कालवायचा ती. मी मान फिरवली.

मग प्रत्येकाला कातड्याचा तुकडा, टाक आणि एक छोटी सुरी दिली. व्याह्यांची शाई पसरली.

"हे काय फडकं दिलंय?"

बाई म्हणाली, वरचा तेलकटपणा हलकेच खरवडा. हे लागले बटाटा सोलल्यासारखे. मी हात मांड्यांखाली दाबून बसलो. किती वेळ बसणार?

"अहो, थांबा! भोक पाडाल!"

सुरी हिसकावलीच मी. अंगठ्याने कातडं चाचपलं, पातं आडवं धरलं. चार-पाच हातांत तुकडा साफ. व्याही माझ्या अंगठ्याकडे बघत होते.

"तुमच्या शेतात हेही पिकायचं का?"

"शेत नव्हतंच," मी म्हणालो. "आम्ही कातडं कमावणारे. तीन पिढ्या."

त्यांनी तुकडा माझ्याकडून घेतला. टाक बुडवून एक रेघ ओढली. सुबक आली.

"आता नाही पसरत," म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

बसमध्ये ते पुढच्या सीटवर बसले. शेजारी जागा होती. त्यांच्या मानेकडे बघत मी सगळा रस्ता काढला. खोटं बोलल्याची लाज वाटत होती, कातड्याची नाही. स्टॉपवर उतरल्यावर ते थांबले.

"माझ्या मुलीला माहीत आहे?"

"मुलाने सांगितलं असेल तर. मी नाही सांगितलं."

"मग तुम्हीच सांगा. आजच."

दार सूनबाईनेच उघडलं. "कसं झालं, बाबा?"

"बस जरा," मी म्हणालो. बूटही काढले नव्हते.