दहा रुपियांची दोन भोकं

शिवाजीनगरहून शिरूरची एसटी सुटली तेव्हा सकाळचे सव्वासहा झाले होते, आणि मी चारपासून जागा होतो. मांडीवरच्या पिशवीत नोटांचा अल्बम, एक भिंग आणि शिरूरच्या एका कापड दुकानदाराचं पोस्टकार्ड. 'गोव्याची पोर्तुगीज नोट आमचेकडे आहे, येऊन पाहावी,' एवढाच मजकूर. कार्ड आल्यापासून चार दिवस मी ऑफिसात कुणाशी धड बोललो नव्हतो. शेवटी बायकोच म्हणाली, "जाऊन या एकदाचे. नाहीतर घरात कुणाला स्वस्थ बसू देणार नाही तुम्ही."

मला हवी होती ती नमुना नोट. नवी नोट छापली की बँक आपल्या शाखांना ओळखीसाठी काही प्रती पाठवते. त्यांवर क्रमांकाच्या जागी नुसती शून्यं असतात, आणि कुणी त्या बाजारात चालवू नयेत म्हणून भोकं पाडून रद्द केलेल्या असतात. पोर्तुगीजांचा आफ्रिकेतला कारभार नुकताच आटोपला होता. अंगोला, मोझांबिक, गिनी, पार तिकडचा तिमोर, सगळीकडच्या नमुना नोटा मी टपालाने अदलाबदल करून जमवल्या होत्या. शेजारचा गोवा तेवढा हाती लागत नव्हता. ही गोष्ट मला दाढदुखीसारखी छळत असे.

शिरूरला उतरलो ते थेट दुकानात. शेठ मला बसा म्हणाले, मी उभाच राहिलो. चहा आला, तोही उभ्याने प्यालो. मग त्यांनी गल्ल्याखालून नोट काढली. चार घड्या पडलेली, हळदीचा डाग लागलेली, शेकडो हातांतून गेलेली साधी नोट.

"ही चाललेली नोट आहे हो," मी म्हणालो. "मला न चाललेली हवी, भोकं पाडलेली."

"कमाल हाय तुमची," शेठ हसले. "आमी जल्मभर चालंल अशीच नोट बघून घेतली." मग डोकं खाजवत म्हणाले, "भोकाची नोट म्हंजी दौंडच्या सोनवणे आबांकडं आसंल. रिटायर टीसी हायती. आमच्या मेव्हण्याला त्यांनी दावली व्हती."

हे त्यांना पोस्टकार्डावर लिहिता आलं असतं! पण वाद घालायला वेळ नव्हता. न्हावऱ्यावरून दौंडला जाणारी गाडी स्टँडवर उभी होती, ती पळत जाऊन पकडली.

भीमेच्या अलीकडे गाडीचं चाक बसलं. ड्रायव्हरने जॅक काढला आणि सगळे उतारू रस्त्याकडेच्या गुऱ्हाळावर गेले. गुऱ्हाळ राहू गावच्या कुणा शेतकऱ्याचं होतं. चुलवणावर (गुऱ्हाळाच्या लांबलचक चुलीवर) कढई रटरटत होती आणि सगळ्या शिवाराला गोड वास सुटला होता. मालकांनी पळसाच्या पानावर गरम गूळ दिला. मी घड्याळ बघत घाईने तोंडात टाकला आणि जीभ पोळून घेतली.

"आवो, फुकून खावा की," मालक म्हणाले. "गाडी तुमाला सोडून जात न्हाई. ड्रायव्हर हितंच बसलाय रस पीत."

खरंच बसला होता. आजूबाजूला ऊस उभा होता, थंडीचं ऊन चांगलं होतं, माणसं गप्पा मारत होती. या सगळ्यातलं मी काही धड पाहिलं नाही, याचं आता वाईट वाटतं.

दौंडला आबांचं घर स्टेशनच्या पलीकडे होतं. दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली रेल्वेच्या वेळापत्रकांची चळत. आबा सत्तरीचे, ताठ, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले. मी आल्याचं कारण सांगितलं तसे ते इतके खूश झाले की मला लाज वाटावी. त्यांनी वहीतून नोट काढून माझ्यासमोर ठेवली. दहा रुपिया, पोर्तुगीज गोव्याचं जुनं चलन. क्रमांकाच्या जागी सगळी शून्यं. मी भिंग लावलं, आणि भोकं सापडेनात.

"बगा, वळखू येतंय का?" आबा अभिमानाने म्हणाले. "दोन भोकं व्हती हितं. पातळ कागद, खळ आन् बारीक निब. एक आख्खा पावसाळा लागला. रेघंला रेघ जुळिवलीय."

जुळवली होती खरी. नोट उजेडासमोर धरली तेव्हाच दोन फिकट ठिपके दिसले. माझा तोल गेला.

"आबा, काय केलंत हे! भोकं हीच तर हिची खूण. वाट लावलीत तुम्ही नोटेची."

आबांनी माझ्या हातातून नोट घेतली. मग हळू आवाजात सांगू लागले. फर्नांडिस नावाचे गोव्याचे गार्ड त्यांच्याबरोबर नोकरीला होते. वीस वर्षांत दोघांनी डबा एकट्याने खाल्ला नाही. फर्नांडिस निवृत्त होऊन गावी निघाले, तेव्हा बँकेतल्या भावाकडून मिळालेली ही नोट त्यांनी आबांच्या हातात ठेवली. "मला म्हनले, ही खर्च व्हनार न्हाई, म्हनून तुला देतो. पर साहेब, मी टीसी मानूस. तिकिटाला भोक पडलं की ते संपलं. दोस्तानं दिलेली वस्तू संपलेली कशी ठिवू? म्हनून बुजवली. ते कवा आलेच तर दाखवावी म्हनलं. आता धा वर्सांत पत्र न्हाई त्यांचं."

मी अल्बमकडे बघत बसलो. आबा उठले आणि फडताळातून तिकिटं टोचायचा जुना चिमटा घेऊन आले.

"तुमी पुन्याहून आलाय. भोकंच पायजेत ना?"

मी नको म्हणायला हवं होतं. चिमट्याच्या भोकाला बँकेच्या भोकाची सर येणार नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण मघा 'वाट लावलीत' मीच म्हणालो होतो, आता त्यांना अडवू कसा? आबांनी आपलेच दोन ठिपके बोटाने चाचपले. कट्. कट्. कागदाच्या दोन टिकल्या जमिनीवर पडल्या. त्या त्यांनी वेचून शर्टाच्या खिशात टाकल्या.

"आता झाली का बरोबर?"

"झाली, आबा," मी म्हणालो. नोट त्यांनीच माझ्या अल्बमात सरकवली, पैशाचं नावही काढू दिलं नाही.

पॅसेंजर वेळेवर होती. यवत गेलं, उरुळी गेली. उतरून उलट्या गाडीने दौंडला परत जावं, असं दोनदा मनात आलं. पण जाऊन सांगणार काय? मला ती नोट फुकट मिळाली होती आणि चोरी करून आणल्यासारखं वाटत होतं. माझ्या एका फटकळ वाक्यापायी त्या माणसाने आपल्या दोस्ताची नोट स्वतःच्या हाताने रद्द केली होती.

त्या दुपारपासून मी कुणाच्या घरी वस्तू पाहायला गेलो की आधी ती त्यांच्याकडे कशी आली ते विचारतो, पिशवीतलं भिंग नंतर काढतो. माझ्या प्रत्येक नोटेखाली एक चिठ्ठी असते: देश, किंमत, कुठे मिळाली, अवस्था. या नोटेची चिठ्ठी त्याच रात्री लिहायला घेतली. पहिले तीन रकाने भरले. अवस्थेपुढे 'खराब' लिहायला हात धजेना, आणि 'चांगली' लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं. तो रकाना अजून कोरा आहे.